ताबा

वर्गात वीस खुर्च्या, एसी एवढा की बोटं निळी पडली.
शिकवणारी पोरगी लेबनॉनची, रीमा.
पडद्यावर चौकोन काढून म्हणाली,
ही मधली गाडी आपली, हिला म्हणायचं ईगो.
मागच्या बाकावर पेशावरचा गुल जमान हसला.
मी नाही हसलो. आईनं जन्मभर
मीपणा सोड, मकबूल, मीपणा सोड म्हणून कान किटवले,
आणि बावीस वर्षं टॅक्सी हाकून
मुसफ्फाच्या या पत्र्याच्या शेडमध्ये कळलं
सोडलेला मीपणा कुठे जाऊन बसतो.

वही केली. डावीकडे त्यांचे शब्द, उजवीकडे आपले.
लायडारपुढे वटवाघूळ लिहिलं.
मग कळलं, हा आवाजानं नाही, उजेडानं चाचपडतो.
खोडून काजवा केलं.
ऑक्लूजन म्हणजे आडोसा, उभ्या बसमागचं पोर, गाडीला न दिसणारं.
बाणकोटला आडोसा बघून माणूस थांबतो.
इथे आडोशात माणूस हरवतो.

हस्तक्षेप शोधावा लागला नाही,
हात पोटात घेऊनच जन्मलेला शब्द.
मी स्टिअरिंगला शिवलो की एक हस्तक्षेप.
महिन्याला बेरीज होते, आकडा कमी तेवढी गाडी हुशार.
पगार मला हात मांडीवर ठेवण्याचा.
जुलेखाला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
काही न करण्याचे पैसे देतात?
घरी येता तेव्हा फुकट करता की.

आणि ताबा.
ताबा घ्या, म्हणते गाडी बाईच्या आवाजात
आणि चार सेकंद देते.
खाडीकाठच्या आमच्या आठ गुंठ्यांच्या ताब्यासाठी
आजोबांनी अर्ज केला होता.
अजून तारीख पडते.

गेल्या शुक्रवारी, जुम्म्यानंतर,
गॅरेजांच्या रांगेपाशी एक माणूस
डोक्यावर गादी घेऊन रस्ता ओलांडत होता.
डबल गादी, मधोमध वाकून दोन्ही कानांवर उतरलेली,
खाली फक्त पाय. एका पायात निळी चप्पल,
दुसरी, पट्टा तुटलेली, हातात.
पडद्यावर चौकोन थरथरला.
ट्रक. फलक. जनावर.
मग पिवळ्या अक्षरांत, अज्ञात.
गाडी थांबली. बरी थांबली, तिला बोल नाही.
पण तोही थांबला,
गादीच्या कडेखालून वाट बघत
की आतल्यानं हात करावा, जा म्हणावं.
हात करणं तिला अजून शिकवलेलं नाही.
मागून हॉर्न. ताबा घ्या.
मी काच खाली केली, हात बाहेर काढला,
तळवा हलवला दोनदा.
तो गेला. गादीही मान डोलवत गेली.

रिपोर्टमध्ये कारण निवडायचं, पर्याय अकरा.
एकही जुळेना. खाली मोकळ्या ओळीत लिहिलं,
खोली बदलत होता.
रीमा म्हणाली, याला एज केस म्हणतात, हजारात एखादं.
मी तिला सांगितलं नाही
की हमदान स्ट्रीट मी असाच ओलांडलाय, तीनदा,
तिसऱ्यांदा गादीत ढेकूण होते.
वहीत लिहिलं, काठ.

शेवटच्या पानावर टॅक्सीतले शब्द आहेत.
सीदा. यमीन. यसार. हिनी बस.
ते कुणी वर्गात शिकवले नाहीत,
मागच्या सीटवरून आले, कधी शिवीसकट,
कधी झोपेत, कधी कडेवरच्या बाळाला सांभाळत.
आता मागची सीट गप्प असते.
बसतात, फोन बघतात, दार आपलं आपण उघडतं.
रात्री सादियातच्या पुलाखालून
गाडी उजवीकडे वळते
आणि मी ओठांतल्या ओठांत म्हणतो, यमीन.
तोवर वळून झालेलं असतं.